‘दात घासता का?’ : एका प्रश्नाची तपासणी

लहान मुलांच्या दातांची निगा घरी कशी राखली जाते, हे पालकांना विचारणाऱ्या प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीत तयार होतात आणि मग इतर भाषांत उतरवल्या जातात. उतरवण्याची रीत ठरलेली आहे. एकाने भाषांतर करायचे, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, आणि दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की भाषांतर पक्के धरायचे. चंद्रपूर-गडचिरोलीत ही रीत अपुरी पडते, असे माझे मत आहे.

इंग्रजी ‘ब्रश’ या क्रियापदातच साधन आले. मराठी ‘घासणे’मध्ये ते नाही. दात बोटाने घासतात, राखुंडीने, कोळशाच्या भुकटीने, कडुनिंबाच्या काडीनेही घासतात. ‘मूल दिवसातून किती वेळा दात घासते?’ याला ‘रोज एकदा’ असे उत्तर देणारी आई खरेच बोलत असते; पण तक्त्यात तिची नोंद ब्रशच्या रकान्यात होते. गंमत अशी, की उलट भाषांतरात ‘दात घासणे’चे पुन्हा ‘ब्रश’ होते आणि मधली फट कोणालाच दिसत नाही. मलय भाषेतला ‘गोसोक’ हा शब्दही घासण्याचाच, म्हणजे मलेशियातल्या भाषांतरकारांपुढे हाच पेच येणार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली मुखआरोग्य सर्वेक्षणाच्या पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यातील प्रश्नावलीत साधनांची वेगळी यादी आहे, आणि तीत कोळसा व दातवणाची काडीही आहे. हे श्रेय दिलेच पाहिजे. तरी दात कोरायची प्लॅस्टिकची काडी यादीत आहे, बोट मात्र ‘इतर’मध्ये. तंबाखूची नस दातांना लावणारेही ‘दात घासतो’ असेच म्हणतात. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे, पण घरातल्या सवयीला बंदीची अधिसूचना कुठली? आजीचे पाहून नातीने नस लावली, तर आपल्या तक्त्यात तिला स्वच्छतेचा एक गुण मिळेल.

बी.एड.ला आपण विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक शिकलो आहोत. सर्व पालकांनी प्रश्नाचा एकसारखाच वेगळा अर्थ घेतला, तर विश्वसनीयतेचा गुणांक उत्तम येतो. सप्रमाणता मात्र गेलेली असते.

सर्वांत गंभीर प्रश्न फ्लोराइडचा आहे. ‘टूथपेस्टमध्ये फ्लोराइड आहे का?’ असे विचारले जाते. पिण्याचे पाणी कुठले, हे बहुधा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा असून दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. कायमच्या दातांचे एनॅमल तयार होत असताना, म्हणजे साधारण पहिल्या आठ वर्षांत, जादा फ्लोराइड पोटात गेले की दातांवर पांढुरके आणि पुढे तपकिरी डाग दिसतात. ते घासून जात नाहीत. अशा गावात ‘रोज घासतो, तरी दात पिवळेच’ असे सांगणाऱ्या आईला प्रश्नावली खोटी ठरवते आणि वर्गात शिक्षक मुलाला आळशी ठरवतात. दोष असतो हातपंपाचा.

‘पालक’ हा शब्दही इथे सरळ नाही. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाचे दात कोण पाहते, हे आईला कसे ठाऊक असणार? तिथे प्रश्न अधीक्षकांना विचारायला हवा. आणि या वयाच्या मुलाला मोठ्याच्या मदतीशिवाय दात नीट घासता येत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

एटापल्ली-भामरागडकडे माडिया बोलली जाते. ती द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली. मराठीवरून अंदाज बांधता येईल अशी नाही. छापील मराठी प्रश्न शाळकरी बहिणीने आईला माडियात सांगितला, तर त्या भाषांतराची तपासणी झालेलीच नसते.

यापेक्षा साधी रीत अशी : ‘किती वेळा’ असे विचारण्याऐवजी ‘आज सकाळी काय केले?’ असे विचारावे, आणि दात कशाने घासले ते आणून दाखवायला सांगावे. वस्तू पाहूनच नोंद करावी, मग ती काडी असो, डबी असो की नुसते बोट. त्याच भेटीत घरच्या पाण्याचा नमुनाही बाटलीत भरून घ्यावा.