विराम हेही आवाजाचंच काम: विक्रम गोखले

मंडळी, मागच्या वेळी आपण नटाच्या देहबोलीबद्दल बोललो. आज आवाजाबद्दल बोलू, आणि त्यासाठी आम्ही नाव निवडलंय विक्रम गोखले यांचं.

सुरुवात घरापासून करू. 1913 साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले पडद्यावर आल्या. तो मूकपट होता. म्हणजे या घराण्याचा सिनेमा आवाजाशिवाय सुरू झाला. पुढे वडील चंद्रकांत गोखले रंगभूमीवर आणि बोलपटांत, आणि मग विक्रमजी.

त्यांचं नाव निघालं की लोक म्हणतात, ‘काय तो पॉज!’ आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. नुसतं थांबणं कुणालाही जमतं. थांबल्यावरही आधीचं वाक्य प्रेक्षकाच्या कानात चालू राहिलं पाहिजे, आणि ते आवाजाशिवाय होत नाही. ‘बॅरिस्टर’सारख्या नाटकात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा, मग तिथे शांतता धरून ठेवायची. त्याला फुप्फुसात दम लागतो हो!

कॅमेऱ्यासमोर हिशेब बदलतो. माईक जवळ असतो, आवाज फेकावा लागत नाही. 1999 च्या ‘हम दिल दे चुके सनम’मधले त्यांचे गायक पंडित आठवा. गाताना आवाज पार्श्वगायकाचा. पण शिष्याकडून गुरुदक्षिणा म्हणून तो घरातून कायमचा निघून जाणं मागतात, तेव्हा बोलणं त्यांचं स्वतःचं. आमच्या मते त्या गाण्यावर आपला विश्वास बसतो, तो त्यांच्या या बोलण्यामुळे.

आता टीव्ही. ‘अग्निहोत्र’सारख्या मालिकांनी त्यांना घराघरांत नेलं. पण मालिकेला शांततेची भीती वाटते. नट थांबला की संगीत वाजतं, कॅमेरा चार चेहऱ्यांवर फिरतो. तिथेही त्यांनी आपली लय सोडली नाही. खरं सांगायचं तर जिथे संवादच पोकळ होता, तिथे हा विराम सवयीचा वाटला. हेही बोललंच पाहिजे, नाहीतर ही नुसती आरती होईल.

त्यांची कसोटी लागली ती ‘अनुमती’त. गजेंद्र अहिरे यांच्या या चित्रपटातला रत्नाकर मरणासन्न बायकोच्या उपचारांसाठी पैसे जमवत दारोदार फिरतो. मागायची सवय नसलेला माणूस वाक्य सुरू करतो आणि मध्येच अडतो. इथे विराम म्हणजे रुबाब नव्हे, लाज आहे. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खान यांच्यासोबत विभागून.

मग 2016. जानेवारीत ‘नटसम्राट’ आला, त्यात ते रामभाऊ होते, स्वतः नट असलेला मित्र. आणि त्याच वर्षी घशाच्या विकारामुळे त्यांनी रंगभूमीवरून निवृत्ती घेतली. सिनेमा चालू ठेवला. का? माईक साथ देतो म्हणून. नाटकात अशी साथ नसते. आवाज पोचणार नसेल तर तिकीट काढून आलेल्या माणसाची फसवणूक होते, असं आम्ही या निर्णयातून वाचतो.

26 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात ते गेले. आज तरुण नट त्यांचा पॉज उचलतात. त्यांना एकच सांगणं आहे: आधी वाक्य नीट पोचवा, मग थांबा.

प्रश्न असतील तर विचारा.