पूर्वजांची भूमी आणि नागरिकत्व : दोन लेखकांच्या निमित्ताने

व्ही. एस्. नायपॉल ह्यांचे ‘अॅन एरिया ऑफ डार्कनेस’ हे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्याकडील सुशिक्षितांस जो राग आला तो अद्याप पुरता शमलेला नाही. राग येणे स्वाभाविकच होते. परंतु रागाने पुस्तक मिटले म्हणजे त्यातला प्रश्नही मिटला असे होत नाही. ज्याच्या आजोबांनी देश सोडला त्या नातवाचा त्या देशावर हक्क तो कोणता, आणि त्या देशाचा त्याच्यावर कोणता, हा तो प्रश्न होय. ज्यांची मुले-नातवंडे आज परदेशी नागरिक होऊन बसली आहेत, अशा आपल्या अनेक कुटुंबांस तो परका वाटू नये.

नायपॉल १९३२ साली त्रिनिदाद बेटात जन्मले. १८४५ पासून पाऊण शतकभर गिरमिटाच्या करारावर हिंदी मजूर तेथील ऊसमळ्यांत नेले जात होते, त्यांच्यातलेच हे घराणे. नातू १९६२ मध्ये मुंबई बंदरावर उतरतो तो जप्त झालेल्या मद्याच्या बाटल्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागतो. हा भाग चुरचुरीत असला तरी माझ्या मते दुय्यम आहे. पुस्तकाचे मर्म शेवटी, उत्तर प्रदेशातील आजोबांच्या गावी आहे. तेथला एक नातलग जमिनीच्या दाव्यासाठी त्यांच्याकडे मदत मागतो. लेखक वैतागतात आणि जवळजवळ पळ काढतात. त्या नातलगाने त्यांचा पासपोर्ट पाहिला नव्हता. त्याच्या लेखी घरचा माणूस आला होता, आणि घरच्या माणसाने दाव्यात उभे राहावयाचे असते! नायपॉलांना हवे होते दर्शन. गावाने त्यांना भाऊबंदकी देऊ केली.

तेथून पळ काढण्याची कबुली त्यांनी स्वतःस न सावरता दिली, हा त्यांचा प्रामाणिकपणा मान्य केलाच पाहिजे. परंतु पुस्तकभर चिडावयाचे ते वारसाच्या हक्काने आणि निघून जावयाचे ते पाहुण्याच्या मोकळिकीने, ही त्यातली खरी विसंगती होय. उघड्यावरील घाणीचे त्यांचे वर्णन खोटे आहे असे मी म्हणणार नाही.

ह्या पुस्तकास निस्सीम इझिकेल ह्यांनी ‘नायपॉल्स इंडिया अँड माइन’ ह्या निबंधात जे उत्तर दिले, त्याची आपल्याकडे व्हावी तितकी चर्चा झालेली नाही. इझिकेल १९२४ साली मुंबईत जन्मले, बेने इस्राएल समाजात. कोकणात तेलाचे घाणे चालविणारा, शनिवार पाळणारा म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटला जाणारा, गावावरून पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावणारा आणि घरी मराठी बोलणारा हा समाज. आपण हिंदू नाही, त्या अर्थाने आपणही येथे बाहेरचेच, हे इझिकेल मान्य करतात; तथापि परिस्थितीने आणि स्वतःच्या निश्चयाने आपण ह्या देशाशी बांधलेले आहो, असा त्यांचा पक्ष आहे. ह्यातील ‘निश्चय’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. कारण १९५० च्या इस्राएली कायद्याने जगातील प्रत्येक यहुद्यास पूर्वजभूमीचे दार उघडे केले होते. तेथे जाऊन राहावे की नागरिकत्व हाती येत होते. इझिकेल मुंबईतच राहिले.

जे गेले त्यांची हकीकत उद्बोधक आहे. काही कुटुंबे तेथील वागणुकीने निराश होऊन १९५२ साली परत आली. राहिले त्यांस मताचा अधिकार होता; पण तेथे यहुद्यांचे विवाह धर्मगुरूंच्या हाती, आणि ते ह्यांच्या आजीपणजीचे कूळ तपासू लागले. अखेर १९६४ साली ह्या लोकांनी जेरुसलेमात निदर्शने केली, तेव्हा त्यांच्या बरोबरीवर तेथील संसदेने शिक्कामोर्तब केले. पूर्वजांच्या भूमीत त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे प्रकार उलटा. आपल्या घटनेचा आठवा अनुच्छेद उदार होता. आजोबा अविभक्त हिंदुस्थानात जन्मलेले असले तर परदेशस्थ नातवासही वकिलातीत नोंद करून नागरिक होता येई. मात्र नवव्या अनुच्छेदाने, स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेणाऱ्यास हे दार बंद केले. पुढे २००३ च्या कायद्याने ‘ओव्हरसीज सिटिझन’ हे बिरुद निर्माण झाले, तेही सोळा देशांपुरते. त्या यादीत इंग्लंड, अमेरिका, स्वित्झर्लंड होते. त्रिनिदाद, फिजी, मॉरिशस नव्हते. गिरमिट्यांची नातवंडे वगळून डॉलर-पौंडवाल्यांस आधी ओवाळावे, ह्यात पूर्वजप्रेम किती आणि हिशेब किती हे वाचकांनीच पाहावे. २००५ साली यादीची अट गेली. मॉरिशसच्या सातव्या पिढीस सवलत देण्याची घोषणा तर २०२४ साली झाली. तथापि ह्या ‘नागरिका’स मत नाही, विधिमंडळाची जागा नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मतदानाचा हक्क २०१० च्या दुरुस्तीने मिळाला तो परदेशी राहूनही भारतीय पासपोर्ट ठेवणाऱ्यांस, आणि तोही स्वतः येऊन बजावावयाचा.

मत नाकारले ते योग्यच केले. ज्याला येथील कायद्याखाली राहावयाचे नाही त्याने कायदा करणारा का निवडावा? माझी तक्रार शब्दाविषयी आहे. ज्यास मत नाही त्यास ‘नागरिक’ म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. ९ जानेवारीस आपण प्रवासी भारतीयांचा दिवस साजरा करतो, कारण १९१५ साली त्या दिवशी गांधीजी आफ्रिकेहून आले. ते राहावयास आले होते, एवढे मात्र समारंभांत कोणी फारसे बोलत नाही.

इझिकेलांच्या निबंधातही एक उणीव आहे. निश्चय करण्याची संधी त्यांना येथे जन्मल्यामुळे मिळाली होती. नायपॉलांच्या जन्मापूर्वीच त्यांच्या आजोबांनी, किंबहुना गिरमिटाच्या दलालाने, त्यांच्या वतीने निश्चय करून टाकला होता. त्या नातवाने गावात किती दिवस राहावे म्हणजे त्याची चीड आपण घरच्या माणसाची मानू, ह्याचे उत्तर इझिकेल देत नाहीत.