सहलेखनाची साधने आणि भावी शिक्षक

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली बी.एड.च्या द्विवर्षीय अभ्यासक्रमाची जी चौकट आखली, तीत माहिती-तंत्रज्ञानाच्या अभ्यासविषयाच्या नावातच ‘चिकित्सक आकलन’ हे शब्द आहेत. ते साक्षेपाने योजिले असावेत. परंतु प्रत्यक्ष अध्यापनात पुष्कळदा ‘चिकित्सक’ गळून ‘आकलन’ तेवढे उरते, आणि तेही कळफलकापुरते. भावी शिक्षक विकिपीडियावर खाते उघडतो, गूगल डॉक्सवर चौघांत मिळून एक पाठटाचण करतो, पडद्याचे चित्र प्रात्यक्षिकाच्या वहीत चिकटवितो; आणि साधन अवगत झाले असे मानले जाते.

वस्तुतः विकी हे लेखनाचे साधन खरेच, पण त्याहून अधिक ते दुरुस्तीचे साधन होय. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली ती संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांना आपापले अनुभव एकत्र नोंदविता यावेत म्हणून. तिला नाव दिले ते हवाई भाषेतील, ‘त्वरित’ या अर्थाचे. हा त्वरेचा गुण डोळ्यांत इतका भरला की त्यामागील संथ व्यवहार झाकला गेला. २००१ साली विकिपीडिया व २००३ साली तिची मराठी आवृत्ती सुरू झाली. तेथील प्रत्येक लेखाला ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ अशी दोन अंगे आहेत. कोणते वाक्य केव्हा आले, केव्हा गेले, हे तेथे पाहता येते.

केतकरांचा ज्ञानकोश किंवा लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेला विश्वकोश, हीही सहकार्याचीच फळे. परंतु छापील कोशाच्या वाचकापुढे निर्णय तेवढा येतो. निर्णयापूर्वीचा वाद येत नाही. विकीत वादही शिल्लक राहतो. यांतील श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न येथे गौण आहे. पाठ्यपुस्तकाचे प्रामाण्य वर्गात वाहून नेणे हेच ज्याचे नित्यकर्म होणार, त्याने ज्ञान घडत असताना एकदा तरी पाहावे, हे महत्त्वाचे.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या गावावर लेख लिहिला आणि ‘येथील देवालय अतिप्राचीन आहे’ असे विधान केले. दुसऱ्या दिवशी कोणा अपरिचिताने त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली. जन्मभर इतरांच्या वह्यांवर लाल शाई चालविण्यासाठी जी तयार होत आहे, तिला ही खूण बोचल्यावाचून राहणार नाही. ती रागाने खूण पुसते, वाक्यच काढते, की ग्रंथालयात जाऊन पुरावा शोधते, यात तिच्या भावी अध्यापनाचे पुष्कळसे रूप दिसून येईल. गुणपत्रिकेत मात्र याला स्थान नाही. गुण द्यावयाचे ते अंतिम मजकुराला. मग एकाने लिहावे व तिघांनी नावे घालावीत, हा जुनाच रिवाज नव्या साधनावरही चालतो. परीक्षकाने लेखाऐवजी त्याचा इतिहास तपासला, तर ही लबाडी तत्काळ उघडी पडेल.

अडचण आणखी एक आहे. मराठी विकिपीडियावर लिहिणारे इंग्रजीच्या मानाने फार थोडे. चर्चेला उत्तर येईलच असे नाही, आणि एका वर्गाने सत्रान्ती घाईने टाकलेले लेख निस्तरण्याचे ओझे त्या थोड्यांवरच पडते. तेव्हा नव्या लेखांची भर घालण्यापूर्वी, असलेल्या लेखांतील ‘संदर्भ हवा’ अशा खुणांना पुरावे जोडण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविणे अधिक सयुक्तिक ठरेल.