पायरीवरून दिसलेलें गांव

मलाया द्वीपकल्पाचा नकाशा समोर घेतला म्हणजे एक गोष्ट लगेच लक्षांत येते. पेराक, पहांग, केलांतान, जोहोर हीं जशीं राज्यांचीं नांवें, तशींच तीं नद्यांचींहि नांवें आहेत. ‘कुआला’ म्हणजे नदीचें मुख अथवा संगम; ‘हुलु’ म्हणजे प्रवाहाची वरची बाजू, ‘हिलिर’ म्हणजे खालची. जेथें दाट रानामुळें सडका फार उशिरां झाल्या, तेथें नदी हाच राजमार्ग होता. कांपुंग, म्हणजे मलायी खेडें, तिच्या कांठीं वसे, आणि परका मनुष्य गांवांत येई तो होडींतून येई. या खेड्याविषयीं इंग्रजींत जें वाङ्मय निर्माण झालें त्याच्या गुणदोषांचें मूळ आमच्या मतें याच साध्या गोष्टींत आहे. त्यांतील बरेंचसें होडींत बसून पाहिलेलें आहे. होडींतून कांठ फार सुंदर दिसतो. घराच्या आंत काय चाललें आहे तें मात्र दिसत नाहीं.

या वाङ्मयाचे दोन मोठे कर्ते म्हणजे सर फ्रँक स्वेटनहॅम व सर ह्यू क्लिफर्ड. स्वेटनहॅम यांचें ‘मले स्केचेस’ १८९५ मध्यें व क्लिफर्ड यांचें ‘इन कोर्ट अँड कांपाँग’ १८९७ मध्यें प्रसिद्ध झालें. दोघेहि ब्रिटिश अंमलदार, दोघांसहि मलायी भाषा उत्तम अवगत. त्या भाषेचा एक कोशहि दोघांनीं मिळून रचावयास घेतला होता. तेव्हां अज्ञानाचा आरोप त्यांच्यावर करतां येणार नाहीं. रानाची निबिडता व दरबारांतील क्रौर्य यांचीं त्यांचीं वर्णनें आजहि वाचावींशीं वाटतात. परंतु गांवाशीं त्यांचा संबंध सत्तेचा होता. पेराकचा पहिला ब्रिटिश रेसिडेंट बर्च हा २ नोव्हेंबर १८७५ रोजीं पासिर सालाक येथें नदीवरील न्हाणीघरांत मारला गेला, आणि त्या वेळीं नदीच्या वरच्या अंगास असलेले तरुण स्वेटनहॅम रात्रीं होडींतून त्याच गांवावरून निसटून गेले. ज्या कांठावरून आपणांवर भाला येईल अशी भीति असते त्या कांठाकडे मनुष्य बारकाईनें पाहतो खरा, पण विश्वासानें पाहत नाहीं.

स्वेटनहॅम यांनीं मलायी मनुष्याचा मुख्य स्वभावविशेष म्हणून कामाचा कंटाळा सांगितला आहे. दुपारीं होडींतून जाणाऱ्यास घराच्या पायरीवर स्वस्थ बसलेला मनुष्य दिसतो. पहाटे त्यानें काय केलें हें त्यास कसें दिसावें? १९७७ मध्यें सय्यद हुसेन अलातास यांनीं ‘द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह’ या ग्रंथांत या समजुतीचें मूळ उकलून दाखविलें. परक्यांच्या मळ्यांत व खाणींत मजुरी करण्यास जो राजी होईना, त्याच्या कपाळीं आळशी हा शिक्का बसला, असें त्यांचें प्रतिपादन आहे. युक्तिवादानें जें साधावयाचें तें या ग्रंथानें साधलें. परंतु खोट्या चित्राचें खंडन झालें म्हणजे खरें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतेंच असें नाहीं. तें काम दोनच वर्षांनीं, १९७९ मध्यें, एका व्यंगचित्रकाराच्या पुस्तकानें केलें.

तें पुस्तक ‘द कांपुंग बॉय’. कर्ते महंमद नूर खालिद. लहानपणीं ते गुटगुटीत असल्यामुळें त्यांस ‘बुलात’, म्हणजे वाटोळा, असें म्हणत, आणि त्याचेंच पुढें ‘लाट’ झालें. त्यांचा जन्म १९५१ मध्यें पेराकमधील किंता खोऱ्यांत, गोपेंगजवळच्या एका खेड्यांत झाला. काळ्या शाईचीं चित्रें व हातानें लिहिलेला थोडका मजकूर, एवढीच या पुस्तकाची सामुग्री. जन्म, बाळाचे संस्कार, कुराणाचा पहिला पाठ, सवंगड्यांबरोबर पोहणें, दहाव्या वर्षीं सुंता, शाळेची परीक्षा आणि गांवाचा निरोप, एवढेंच कथानक.

येथें गांवाची सुरुवात घरापासून होते. प्रथम घराचें आंतलें अंग, मग बाहेरचे लोक, आणि मग रान व नदी, अशा क्रमानें मूल जसें जगांत शिरतें तसाच वाचकहि त्याच्या मागून गांवांत शिरतो. नदी येथें देखावा म्हणून येत नाहीं. ती पोरांची खेळण्याची जागा आहे. आणि सुंतेपूर्वीं मुलांस मिरवीत नेऊन स्नान घालतात तेंहि नदींतच. कालपर्यंत ज्या पाण्यांत दंगा केला, त्याच पाण्यांत आज गंभीर तोंडानें उभें राहावयाचें, ही त्या वयाची मौज व धास्ती पाण्यांत उतरलेल्यासच ठाऊक असते. लेखक त्यावर प्रवचन करीत नाहीं. पानभर झाडीमध्यें चिमुकलीं पोरें काढून तो बाजूस होतो. तो हंसवितो पुष्कळ, पण गांवाला हंसत नाहीं. हंसतो तो बहुधा स्वतःला.

मात्र या पुस्तकाचें मर्म नदीच्या तळाशीं असलेल्या कथिलांत आहे. किंता खोरें हें कथिलाबद्दल जगभर प्रसिद्ध होतें. १८७४ च्या पांकोर करारानें पेराकमध्यें ब्रिटिशांचें पाऊल पडलें, त्यामागेंहि कथिलाच्या खाणींवरून माजलेले तंटे हें एक मोठें कारण होतें. लाटच्या बालपणीं कथिल उपसणारीं अजस्र तरंगतीं यंत्रें गांवाच्या आसपास आलीं होतीं. यंत्रामागच्या गढूळ पाण्यांत माती धुऊन कथिलाचे कण वेंचावयास त्याचे सवंगडी त्यास शिकवितात. कायद्यानें तो गुन्हा. मुलगा ही कमाई मोठ्या अभिमानानें बापास दाखवावयास नेतो, आणि शाबासकीऐवजीं त्यास शिक्षा होते, कारण त्यानें अभ्यास टाकला. पुढें घरचा रबराचा मळा त्यास दाखविण्यांत येतो. मुलाचे डोळे उघडतात, तो अभ्यासास लागतो आणि इपोह येथील वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा उत्तीर्ण होतो. ही बातमी घेऊन तो धांवत घरीं येतो, तों बाप कथिलाच्या कंपनीच्या माणसांशीं बोलणें करीत असतो. जमिनींत कथिल सांपडलें तर मोठी रक्कम मिळेल, आणि मग इपोहला घर घेतां येईल!

या एका प्रसंगासाठीं आम्ही या पुस्तकास थोर म्हणतों. ज्या धातूपायीं मुलास शिक्षा झाली, त्याच धातूपायीं बाप घरदार विकावयास निघाला आहे. आणि तरी तो खलपुरुष नाहीं. दोन्ही वेळां त्यास मुलाचें कल्याणच पाहिजे आहे. मुलाला शहराच्या शाळेंत धाडणारी हौस आणि गांवाची जमीन यंत्राच्या हवालीं करणारी हौस एकाच बापाच्या पोटीं नांदतात, हें दुःख लेखक आक्रोश न करितां सांगतो. निघण्याच्या क्षणीं मुलाचें मन भरून येतें. आपण परत येऊं तेव्हां गांव असेंच असावें, एवढीच त्याची आशा.

पुस्तकांत उणिवा आहेत. घरांतील बायकांच्या मनांत काय चालतें तें मुलाच्या नजरेपलीकडे राहतें. जमीन विकण्याची आशा धरून बसलेल्या शेजाऱ्यांची कालवाकालव लेखकानें ओझरतीच दाखविली आहे. विनोदाच्या मऊ हातानें खेड्यांतील कष्टांची धार कोठें कोठें बोथटहि झाली आहे. आणखी एक आक्षेप असा कीं, पुस्तक मुळांत इंग्रजींत, म्हणजे होडींतून आलेल्यांच्याच भाषेंत लिहिलेलें आहे. या आक्षेपाचा नीट विचार केला तर मात्र पुस्तकाचा अर्थ अधिक खोल होतो. इपोहच्या ज्या इंग्रजी शाळेनें मुलास गांवापासून तोडलें, तिनेंच गांव जगापुढें मांडण्याचें साधन त्याच्या हातीं दिलें. या देण्याघेण्याचा हिशेब लेखक आपल्यापुढें ठेवतो. नफा कीं तोटा हें तो सांगत नाहीं.

१९८५ मध्यें कथिलाचा बाजार कोसळला. किंता खोऱ्यांतील अनेक जुन्या खाणींचीं आतां तळीं झालीं आहेत. तांजुंग तुआलांग येथील १९३८ सालचें एक अवाढव्य यंत्र १९८२ मध्यें थांबलें, आणि तें लोकांस पाहावयास मिळावें म्हणून जपून ठेवण्यांत आलें. यंत्र असें जपलें गेलें. त्या काळचें गांव या पुस्तकाच्या पानांत जपलें गेलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे आजोबा किंवा पणजोबा शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं खेडें सोडून निघाले, त्यांस हें पुस्तक परक्या देशाचें वाटूं नये. आपणहि मुलांस गांवाच्या गोष्टी सांगतों. पण त्या सुट्टीपुरत्या पाहुण्याच्या, आंब्याफणसांच्या गोष्टी असतात. म्हणजे आपणहि आपलें गांव होडींतूनच दाखवितों कीं काय, अशी शंका आम्हांस हें पुस्तक मिटतांना आली. घरच्या मुलांना जवळ घेऊन हीं चित्रें अवश्य पाहावीं. मग तीं विचारतील कीं, आपलें घर कोणी सोडलें, कां सोडलें, आणि त्या जमिनीचें पुढें काय झालें. त्यांस जें खरें असेल तें सांगावें.