लाइट गेली होती, मग टेप कशावर चालत होता?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात एका आठवणीने होत होती. मी चौदा वर्षांची, पावसाळ्याचे दिवस, लाइट गेलेली, आणि अंधारात मामाच्या टेपवर ‘आयरिश टूर ’७४’ लागलेला. गिटार सुरू झाली आणि अंगावर काटा आला. त्या रात्री मला रोरी गॅलहर सापडला, असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आलेय.

दिवाळीत ते पान मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “छान लिहिलंयस गं. पण लाइट गेली होती, तर टेप कशावर चालत होता?”

“सेलवर.”

“आपल्या त्या टेपला सेल लागायचेच नाहीत. आणि तुला ते आवडायचं कधी? ‘मामा, हे ओरडणं बंद कर’ म्हणायचीस.”

म्हणजे ज्या आठवणींवर मी संशोधन करते, त्यांच्यातच माझी स्वतःची एक खोटी आठवण निघाली! प्रकरण परत लिहायला घेतलंय. पण आधी तुम्हाला सांगते, की या खोटेपणाचं नेमकं काय करायचं.

रोरी गॅलहर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयर्लंडमधल्या बॅलीशॅननला १९४८ साली जन्म, वाढला कॉर्क शहरात. १९६३ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिथल्या एका दुकानातून त्याने जुनी फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर घेतली, साधारण शंभर पौंडांना. तीच गिटार आयुष्यभर वाजवली, इतकी की तिचा रंग उडून खालचं लाकूड दिसायला लागलं. आधी ‘टेस्ट’ नावाचा बँड, १९७१ पासून स्वतःच्या नावाने. अंगात चौकड्यांचा शर्ट, दिखावा शून्य. यकृताच्या प्रत्यारोपणानंतर गुंतागुंत होऊन १९९५ मध्ये लंडनला गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

आता त्याच्या चाहत्यांच्या आठवणी. त्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या की साचा दिसायला लागतो. आधी काहीतरी मिळमिळीत ऐकणं चालू असतं. मग कुणीतरी एलपी आणून देतो, किंवा टीव्हीवर अचानक तो दिसतो. मग तो एक क्षण. आणि त्यानंतर ‘मी पहिल्यासारखा राहिलो नाही’. आपल्याकडे ‘पहिल्यांदा भीमसेन ऐकले तेव्हा’ हे लोक कसं सांगतात ते आठवा, चाल तीच. डॅनियल कॅविची यांनी ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांवरच्या १९९८ च्या पुस्तकात दाखवलंय, की चाहता होण्याच्या गोष्टी धर्मांतराच्या गोष्टींसारख्या सांगितल्या जातात. अंधार, प्रकाश, नवा माणूस. माझ्या गोष्टीत तर लाइटच गेली होती. याहून सरळ रूपक कुठलं!

मग ही आठवण फेकून द्यायची का? इथे मला इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली उपयोगी पडतात. तेर्नी या पोलादाच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेला. पण अनेक कामगार त्याचा मृत्यू १९५३ मध्ये, मोठ्या कामगारकपातीच्या आंदोलनात झाला असं सांगायचे. पोर्तेल्लींचं म्हणणं असं, की ही चूक हाच पुरावा आहे. लोकांना त्या मृत्यूचा अर्थ कुठे लागला, ते ती चूक सांगते.

हा नियम चाहत्यांना लावला की दोन लाडके दावे वेगळे दिसायला लागतात.

पहिला: ‘त्याला कुणी ओळखत नव्हतं, मला तो सापडला.’ हे टिकत नाही. १९७१ साली ‘मेलडी मेकर’च्या वाचकांनी एरिक क्लॅप्टनला मागे टाकून त्याला पहिला कौल दिला होता. १९७७ च्या जुलैत जर्मनीतल्या एसेनमधून ‘रॉकपालास्ट’ची रात्रभराची मैफल युरोपातल्या अनेक देशांत थेट दाखवली गेली, तिच्यात तो होता. हा काही अज्ञातवास नव्हे. पण सिंगल काढायला त्याचा विरोध असे, त्यामुळे रेडिओवरून रोज कानावर पडणाऱ्यांतला तो नव्हता. तो पोचायचा तो मैफलीतून, टीव्हीवरून आणि कुणाच्या तरी हातून. म्हणून ऐकणाऱ्याला तो आपल्यालाच सापडला असं वाटलं. भावना खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

दुसरा दावा जिमी हेंड्रिक्सचा. त्याला कुणीतरी विचारलं, जगातला सर्वोत्तम गिटारवादक असणं कसं वाटतं, तर म्हणे तो म्हणाला, रोरीला विचारा. हे केव्हा, कुठे, कुणाला सांगितलं याचा भरवशाचा पुरावा नाही. शिवाय हीच गोष्ट टेरी कॅथ आणि फिल केगी यांच्याबद्दलही सांगतात, फक्त नाव बदलून. ज्याला पुरेसा मान मिळाला नाही असं आपल्याला वाटतं, त्याच्यासाठी थोरल्याच्या सहीचं प्रमाणपत्र, एवढंच ते आहे. मला ही गोष्ट आवडत नाही. रोरीचं वाजवणं समोर असताना हेंड्रिक्सची सही लागावीच का?

यापेक्षा चांगल्या आठवणीही आहेत. ‘क्वीन’चा ब्रायन मे तरुणपणी लंडनच्या मार्की क्लबमध्ये ‘टेस्ट’ ऐकायला जायचा. एकदा मैफल संपल्यावर मागे थांबून त्याने रोरीलाच विचारलं, हा आवाज कसा काढतोस? रोरीने दाखवलं: व्हॉक्स एसी३० अँप आणि पुढे एक छोटा ट्रेबल बूस्टर. मेने तेच आणलं आणि त्यातून त्याला स्वतःचा आवाज मिळाला. (त्याची खगोलशास्त्रातली पीएचडी २००७ मध्ये, तीसेक वर्षांच्या खंडानंतर पूर्ण झाली. माझ्या गाईडना हे अजून सांगितलेलं नाही.) जॉनी मारची आठवण अशीच. मँचेस्टरमधल्या आयरिश स्थलांतरित घरातला हा मुलगा ‘ड्यूस’ ही एलपी लावून तिच्याबरोबर वाजवत शिकला. या दोन्ही आठवणींत क्षणाची किमया कमी आणि काम जास्त आहे. कुणी काय दाखवलं, मग आपण काय केलं, ते त्यांत आहे. म्हणून मला त्या अधिक मोलाच्या वाटतात.

माझा मूळ आक्षेप हाच. ‘सापडला’ या क्रियापदात ऐकणाऱ्याचा कान हुशार ठरतो आणि संगीत आणून ठेवणारा माणूस पुसला जातो. ‘आयरिश टूर’चंच बघा. जानेवारी १९७४, बेलफास्ट बाँबस्फोटांनी हादरलेलं, बाहेरचे बँड तिकडे फिरकेनासे झालेले. रोरी मात्र तिथे वाजवायला जातच राहिला. बेलफास्टच्या पोरांना रोरी ‘सापडला’ नाही, तो त्यांच्याकडे गेला. डबल एलपीत प्रेक्षकांचा जो आवाज ऐकू येतो, तो मला हल्ली त्या अर्थाने ऐकू येतो.

तसाच माझ्याकडेही तो कुणीतरी आणला होता. मी नको म्हणत असताना मामा रविवारी सकाळी तीच कॅसेट लावायचा, दाढी करता करता. दोन-तीन वर्षांत केव्हातरी ‘बंद कर’ म्हणायचं थांबलं. कधी, ते त्यालाही आठवत नाही. अंगावर काटा येण्याचा क्षण मी नंतर बसवला, कारण ‘हळूहळू सवय झाली’ हे कुणाला सांगावंसं वाटत नाही.

प्रकरण आता त्या दाढीच्या साबणापासून सुरू होतं. गाईड म्हणाल्या, आधीचं जास्त वाचनीय होतं. असेलही.

तुमचीही एखादी ‘पहिल्यांदा ऐकलं तेव्हा’ची गोष्ट असेल. ती ज्याच्या घरात घडली त्या माणसाला एकदा सांगून बघा. तो दुरुस्ती करेल, तुम्हाला थोडा राग येईल. पण त्या दुरुस्तीत बहुतेक तो स्वतः सापडेल.