आठवणीतल्या गावात बायका कुठे आहेत?

चिरनेरच्या बालपणावर लिहायला बसलो की आम्हाला भाताची खाचरे, पावसातली वाट आणि अक्कादेवीचे रान आधी आठवते. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच रानात जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. ती हकिकत आम्ही अनेकदा ऐकली, हुतात्म्यांची नावे पाठ केली. पण त्या रात्री कुणाकुणाच्या घरी चूल पेटली, गुरांना वैरण कोणी घातली, हे आम्ही दादीला कधी विचारले नाही.

हा प्रश्न आम्हाला दोन जर्मन पुस्तकांमुळे सुचला. पहिले पुस्तक म्हणजे 'बर्लिनमधील एक स्त्री', २० एप्रिल ते २२ जून १९४५ या काळातली निनावी रोजनिशी. सोव्हिएत सैन्य शहरात शिरले, तेव्हा बायकांवर झालेले बलात्कार आणि पाण्याच्या बादलीसाठी केलेली वणवण लेखिका एकाच कोरड्या स्वरात नोंदवते. १९५९ मध्ये ती जर्मन भाषेत आली, तेव्हा लेखिकेने जर्मन स्त्रियांची अब्रू घालवली असा ओरडा झाला. म्हणजे अत्याचार झाला याची लाज नव्हती, तो सांगितला याची होती! हयातीत तिने पुस्तक पुन्हा छापू दिले नाही. ते २००३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर निघाले.

दुसरे पुस्तक क्रिस्टा वोल्फ यांचे, १९७६ चे. नावाचा अर्थ साधारण 'बालपणाचे साचे'. दुकानदाराची मुलगी नेली हिटलरच्या राज्यात आनंदाने वाढते. लेखिका त्या मुलीला 'ती' म्हणते आणि आजच्या स्वतःला 'तू'. 'मी' म्हणणे तिला सहजासहजी जमत नाही. पुस्तक मधूनच शंकांत अडकते, वाचक दमतो. तरीही आम्हाला तेच अधिक मोलाचे वाटते. पहिले पुस्तक काय सोसले ते सांगते. दुसरे विचारते, शेजारी अन्याय होत असताना आपण काय पाहिले आणि गप्प का राहिलो?

आमच्या ग्रामीण आठवणी बहुधा गोड असतात, कारण त्या लिहिणाऱ्याने विहिरीचे पाणी शेंदलेले नसते. आमच्याही तशाच आहेत. अंगणात काटकऱ्याला ओंजळीत पाणी वरून ओतत, हे आम्ही पाहिले होते. लिहिले मात्र नाही.

दादी गेली, तिची रात्र तिच्याबरोबर गेली. ज्यांच्या घरात एखादी म्हातारी अजून बोलते आहे, त्यांनी आधी तिच्याजवळ बसावे, मग गावावर लिहावे.