‘मंडळी’ आणि ‘दरबार’
सातारा-सांगलीकडील ख्रिस्ती घरांतून भरणाऱ्या प्रार्थनासभांचे स्वरूप ठरविताना ‘मंडळी’ या शब्दाचा इतिहास पाहणे अवश्य आहे. ‘घरची मंडळी’ या प्रयोगातला जिव्हाळा त्यात मूळचाच. फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या समुदायासही मराठी बायबल ‘मंडळी’च म्हणते. पुढे मात्र त्याला बाप्तिस्म्याचे कुंपण पडले. १९१७ साली साताऱ्यास ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना एकत्र आणले, ते ‘देवाचा दरबार’ या नावाने. छत्रपतींच्या राजधानीत हा फारसी शब्द सुचणे स्वाभाविक होते. परंतु घरगुती शब्दाने मिटलेले दार राजशाही शब्दाने उघडावे, हा विपर्यास केवळ अलंकार मानून सोडण्याजोगा नाही. दरबारात आसनांची उतरंड असते. बंधुभावाशी तिचा मेळ टिळक कसा घालणार होते, हे १९१९ मधील त्यांच्या निधनाने अनुत्तरितच राहिले.